रेघेपलीकडचं मशीन

सकाळी दव सुकेपर्यंत माझा नवरा भिंतीला बांधलेला असायचा.

उजव्या घोट्यावर काळा पट्टा. पट्ट्यावर साबणाच्या वडीएवढी डबी. डबीतून निघालेली वायर ट्रेलरच्या भिंतीतल्या प्लगात. ती डबी रोज चार्ज करावी लागते आणि पायातून काढायला बंदी, त्यामुळं डबीबरोबर माणूसही चार्जिंगला लागतो. व्हर्लिन ट्रेलरच्या पायरीवर बसायचा, हातात कॉफीचा मग, एक पाय बाहेर लोंबता, दुसऱ्यापासून आतपर्यंत वायर. शेजारच्या ट्रेलरमधून कापणीच्या टोळीतले गडी बाहेर पडायचे, "काय व्हर्लिन" म्हणायचे आणि नजर आभाळाकडं ठेवायचे. आभाळात बघण्यासारखं काही नसायचं.

आम्ही गव्हामागं जाणारी माणसं. मे महिन्यात टेक्सासमध्ये गहू पिकतो, मग ओक्लाहोमात, मग कॅन्ससमध्ये, आणि तसाच पिकत पिकत उत्तरेला मोंटानापर्यंत सरकतो. त्याच्या मागं कापणीची मशीनं, ट्रक, ट्रेलर आणि आम्ही. माझ्या लग्नापासून माझं घर चाकांवर आहे. त्या वर्षी टेक्सास आणि ओक्लाहोमा आमच्याशिवाय झालं. टोळी कॅन्ससमध्ये आली तेव्हा कुठं आम्ही तिला जाऊन मिळालो.

कारण असं. आदल्या नोव्हेंबरात, ज्वारीच्या दिवसांत, धान्याच्या कोठारावरच्या कारकुनाचा जबडा व्हर्लिननं मोडला. कारकून म्हणाला दाणा ओला आहे. दाणा ओलाच होता. पुढं तो माझ्याबद्दल जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. तरी जबडा मोडायचं कारण नव्हतं. हे मी कोर्टातही सांगितलं, आणि त्यावरून हिवाळाभर व्हर्लिन माझ्याशी धड बोलला नाही. तुरुंगाऐवजी पट्टा मिळाला. पुढच्या वसंतापर्यंत कॅन्सस सोडायचं नाही. राज्याची रेघ ओलांडली की डबी बोंबलणार आणि माणूस आत.

शिक्षेवर देखरेख करणाऱ्या प्रोबेशनच्या बाईनं त्याला एक कागद दिला होता. राज्याचा कोरा नकाशा, आत काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, चौकटी, बाहेरची कड लाल पेनानं गिरवलेली. "याच्या आत राहायचं," ती म्हणाली. "बाकीचं विसरलास तरी चालेल."

मला तिथंच हसू फुटलं. तोच नकाशा. मी दर हिवाळ्यात लायब्ररीत छापते तोच, खालच्या कोपऱ्यात तीच बारीक अक्षरं: छापा, शाळेत वापरा, विकू नका.

"यात हसण्यासारखं काय आहे, मिसेस केन?" बाईनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "छान छापलाय."

माझे नकाशे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यांच्यावरूनच झालं. लायब्ररीतलं छपाईयंत्र छोटा कागदच घेतं. म्हणून एकेक राज्य तुकड्या-तुकड्यांनी मोठं करून छापायचं आणि मागून चिकटपट्टीनं जोडायचं. कोऱ्या नकाशात काउंटीची चौकट असते, बाकी काही नसतं, आणि मला तेच पाहिजे असतं. दुकानातला रंगीत नकाशा गुळगुळीत असतो, पेन्सिल घसरते, आणि त्यात आधीच दुसऱ्याच्या कामाचं सगळं भरलेलं असतं. तळी, विमानतळ, संग्रहालयं. संग्रहालयात आम्हाला गहू कापायचा नाही. फोनमधला नकाशा पुढचं वळण सांगतो. वळणावर वीजवायर किती खाली लोंबतेय ते सांगत नाही. ते मी लिहिते. कुठं पूल कच्चा, कुठं फाटकातून मशीन जात नाही, कुठल्या ओढ्यात ट्रक रुतला होता. चहा सांडला, ग्रीस लागलं, घडीवर फाटला की हिवाळ्यात नवा छापायचा आणि खुणा उतरवायच्या. शब्दांना जागा नसते. म्हणून तिकोन, फुल्या, कोंबडीची पावलं. त्या मलाच वाचता येतात, कारण दुसऱ्या कुणी कधी विचारलंच नाही. "ट्वायला, पुढं काय?" एवढंच विचारायचे, मी पहिल्या ट्रकमध्ये असायचे आणि सांगायचे.

ट्रकमध्ये. मशीनवर नाही. सासऱ्याचा नियम होता: टोळीतली बाई रांधेल, ट्रक हाकेल, पण कापणीच्या मशीनवर चढणार नाही. बाईच्या हाताखाली दाणा सांडतो म्हणे. म्हातारा मेला, मशीनं आणि नियम दोन्ही थोरल्या मुलाच्या नावावर झाली. गेलन त्याचं नाव. माझा दीर. गेलन शिवी देत नाही, दारू पीत नाही, रविवारी कापणी करत नाही. तसल्या माणसाशी भांडणं फार अवघड.

त्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मी पीठ मळत होते. पायरीवर व्हर्लिन वायरीला.

"राज्याबाहेर जायच्या परवानगीचं काय झालं?" गेलननं विचारलं. बघत होता माझ्याकडं.

"नाकारली," व्हर्लिन म्हणाला.

"देवाची इच्छा."

"देवाची नाही, प्रोबेशनच्या बाईची," मी म्हणाले.

गेलननं टोपी काढून परत घातली. "इथलं आता अल्विनाचं एकच शेत राहिलं. ते झालं की सोमवारी नेब्रास्का. तिकडं गहू उभा वाळतोय, मालक रोज फोन करतात. ट्वायला, तू चल. स्वयंपाकाला माणूस नाही, ट्रकलाही नाही."

"आणि हा?"

"हा इथं राहील. जत्रेच्या मैदानात ट्रेलर लावू द्यायला गाव तयार आहे."

"खाईल काय? ही वायर?"

व्हर्लिन म्हणाला, "ट्वायला."

"काय ट्वायला? विचारायला नको?" मी पिठाचे हात घेऊन दारात आले. "गेलन, लाल मशीन ठेव. जुनं आहे, तिकडं ते तुला ओझंच. इथं गारपिटीनं झोपलेले तुकडे आहेत, तणात गेलेले आहेत, कुणी मोठी टोळी त्यांना हात लावत नाही. ऑक्टोबरात ज्वारी आहे. त्या मशीनवर आम्ही वसंत गाठू."

"लाल मशीन मोंटानात डीलरकडं मोडीत जायचंय. बोलणं झालंय."

व्हर्लिन सोळाव्या वर्षापासून त्या मशीनवर बसला होता. त्याची सीट त्याच्या ढुंगणाच्या आकाराची झाली होती. तो कॉफीत बघत राहिला.

"मोडीतच घालायचंय तर आमच्या गळ्यात घाल," मी म्हणाले.

"बोलणं झालंय," गेलन म्हणाला आणि गेला.

*

अल्विना ह्राबे ही म्हातारी विधवा. तिचं शेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि तो खडीचा रस्ता हीच राज्याची रेघ. अलीकडची चर कॅन्ससची, पलीकडची नेब्रास्काची. कडेला हद्दीचा एक दगड आहे, त्यावर कुत्री मुततात. गहू दोन्हीकडं सारखाच, मधोमध रस्ता नसता तर कुणाला कळलंही नसतं.

आदल्या संध्याकाळी पाऊस झाला होता, त्यामुळं दुपार होईपर्यंत कापणी लागली नाही. गेलन दर थोड्या वेळानं ओंबी चोळून दाणा दाताखाली फोडायचा आणि थुंकायचा. मग एकदम दाणा कडकन फुटला आणि तिन्ही मशीनं सुरू झाली. दुपारचं ऊन, खाली ओली माती, वर भुसा. भुसा घामाला चिकटतो, कुसळं कॉलरीत शिरतात, मान सोलून निघते. मी ट्रक घेऊन बांधाला उभी, मशीन भरलं की त्याच्या शेजारून चालवायचं, धान्य ट्रकमध्ये पडायचं, कोठारावर रिकामं करून परत.

कॅन्ससचा अर्धा भाग झाला. मशीनं उत्तरेला रस्त्यापाशी आली. गेलनचं ओलांडून गेलं. लाल मशीन चरीच्या अलीकडं थांबलं.

रेडिओवर गेलनचा आवाज, सगळ्या ट्रकांत ऐकू येणारा: "लाल मशीनला ड्रायव्हर बदलायचाय. कोबस, तुझं तिथं ठेव, ते घेऊन ये."

व्हर्लिन शिडीनं उतरला. पँटचा पाय पट्ट्यावर अडकून वर गेला होता, तो त्यानं वाकून खाली ओढला. कोबस चालत आला. तो दक्षिण आफ्रिकेचा गडी, दर उन्हाळ्यात व्हिसा घेऊन येतो, पाठीनं बैल.

"माफ कर, व्हर्लिन," तो म्हणाला.

"तुझा काय दोष? क्लच अर्ध्यावर धरतो, जरा हळू सोड."

"तुझी राज्यं, तुझा देश, आणि मी इकडून तिकडं—"

"जा, दाणा वाळतोय."

कोबस लाल मशीन घेऊन रस्ता ओलांडून गेला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. व्हर्लिननं माझ्या ट्रकमधलं फावडं घेतलं आणि बांधावर सांडलेला गहू गोळा करायला लागला. मूठभर गहू होता. तो कितीतरी वेळ गोळा करत राहिला.

अल्विना गाडीच्या बॉनेटला कंबर टेकून उभी होती. तिचा खुबा बदललेला. ती ओरडून म्हणाली, "पोरा, लाजू नकोस रे! माझं अर्धं शेत इकडं, अर्धं तिकडं. दोन्हीकडचा कर भरते आणि दोन्हीकडचे उंदीर मलाच खातात."

"मशीन राहिलं असतं तर बरं झालं असतं," मी तिला हळूच म्हणाले.

"राहू दे तर खरं. श्रोडरांची गारपिटीची पट्टी तशीच पडलीय, माझी ज्वारी आहे. माणसं विचारत येतील. पण मशीन नसलेल्या माणसाला काय विचारायचं? फावडं आणतोस का?" तिनं व्हर्लिनकडं पाहिलं आणि जीभ चावली.

जेवणाला कोबी-खिमा भरलेले पाव केले होते. रस्त्यापलीकडं जाऊन गड्यांना वाढले. मग एक ताट घेऊन परत रस्ता ओलांडला. व्हर्लिन ट्रकच्या सावलीत बसला होता. एकटाच एका राज्यात.

*

संध्याकाळी गडी मशीनं पुसून ट्रेलरवर चढवत होते तेव्हा गेलन माझ्याकडं आला.

"तू येत नाहीस ना?"

"नाही."

"मग नकाशे दे. नेब्रास्का, दक्षिण डकोटा, मोंटाना. नवीन बाई येतेय स्वयंपाकाला, तिला रस्ते माहीत नाहीत."

मी याचीच वाट बघत होते. "लाल मशीन ठेव, नकाशे ने."

तो हसला. गेलन हसला की त्याचे खालचे दात दिसतात. "कागदाच्या बदल्यात मशीन? अगं, ते लायब्ररीत फुकट छापून मिळतात. तूच सांगत असतेस."

"मिळतात ना? मग छाप."

आणि त्यानं छापले! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर, व्हर्लिनच्या मांडीशेजारी, गरम गरम कागदांचा गठ्ठा आणून आपटला. "हे बघ. तिन्ही राज्यं. लायब्ररीतल्या बाईनं जोडूनही दिले."

मी पाहिले. सुंदर आले होते. काउंट्यांच्या चौकटी, आणि चौकटीत पांढरं.

"यात हानसेनचं शेत कुठं आहे?" मी विचारलं.

"विचारू कुणालाही."

"हानसेन सांगेल, जुन्या शाळेच्या उत्तरेची पट्टी. शाळा तिथं आता नाहीच. विचार कुणाला विचारतोस ते."

गेलनचे कान लाल झाले. तो शिवी देणाऱ्यांतला असता तर मोकळा झाला असता. "तू माझ्या घरात येऊन, माझ्या बापाच्या ट्रकमध्ये बसून त्या खुणा केल्यास. त्या टोळीच्या आहेत."

"मग टोळीला वाचून दाखवायला सांग."

व्हर्लिन वायर धरून बसला होता. दोघांच्या मध्ये, एक पाय आत, एक पाय बाहेर. म्हणाला, "सकाळी सकाळी नका रे."

त्या रात्री मी नकाशांची पिशवी भांड्यांच्या कपाटात ठेवली, कढईच्या खाली. मला वाटलं होतं, गेलन अडेल. सोमवारी निघायच्या वेळी तोंड वाकडं करून म्हणेल, ठेवलं तुझं मशीन. मी त्याला पुरती ओळखत होते. नवऱ्याला तेवढी ओळखत नव्हते.

सोमवारी पहाटे ट्रकांच्या आवाजानं जाग आली. दाराशी गेले तोवर शेवटचा ट्रेलर मैदानाच्या फाटकातून वळत होता, त्याच्यावर लाल मशीन, साखळ्यांनी बांधलेलं. व्हर्लिन फाटकाशी हात वर करून उभा. कढईखाली फक्त कॅन्सस होतं.

"का दिलेस?" मी विचारलं.

"रस्ता सापडला नसता त्याला."

"सापडू नये म्हणूनच ना ते! डोकं आहे का रिकामं कोठार?"

"तो माझा भाऊ आहे. माझ्यामुळं त्याचा माणूस कमी झाला." तो पायरीवर बसला. प्लगाची वायर डबीला जोडून ती बोटांत नुसती फिरवत राहिला. "मला वाटलं... मी आपणहून दिले तर तो म्हणेल, बरं, मशीन उतरवतो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, देव तुझं भलं करो."

मी कढई उचलून अंगणात फेकली. भिंतीवर फेकली असती तर ट्रेलरला भोक पडलं असतं आणि आता तेच घर होतं. कढई गवतात गडगडत गेली. व्हर्लिन उठून ती आणायला निघाला आणि वायर ताणली जाऊन थांबला. चार हातांवर कढई. त्याला पोचता येईना. मी आणली नाही. चार्जिंग संपेपर्यंत ती तिथंच उन्हात पडून राहिली.

*

जत्रेच्या मैदानात उन्हाळ्यात कुणी नसतं. रिकामे गोठे, बंद तिकीटखिडकी आणि आमचा ट्रेलर. मी हमरस्त्यावरच्या मोटेलात खोल्या झाडायला लागले. लोकांच्या चादरी. व्हर्लिन अल्विनाच्या जुन्या कणग्या साफ करायचा. आत तोंडाला फडकं बांधून फावड्यानं कुजका दाणा ओढायचा, संध्याकाळी खोकून काळं थुंकायचा. श्रोडर एकदा येऊन गेला. "मशीन आहे का?" विचारलं. नाही म्हटल्यावर टोपीला हात लावून गेला. त्याची गारपिटीची पट्टी तशीच सडत होती.

दोघांचं बोलणं मिठा-भाजीपुरतं. रात्री व्हर्लिन तो लाल कडेचा कागद काढून बघायचा, मग घडी करून खिशात. घामानं त्याची कड पुसट झाली होती.

"काय बघतोस त्यात?" मी एकदा विचारलं.

"केवढं मोठं आहे गं कॅन्सस," तो म्हणाला.

आणि मग एक दिवस मी कामावरून येऊन शूज काढतेय तोच फोन वाजला. गेलन. मागं मशीनचा आवाज, वारा.

"ट्वायला, पटकन सांग. हानसेनकडून पश्चिमेला निघालोय. ओढ्यावर तुझा तिकोन आहे. तिकोन म्हणजे काय? इथून वळायचं का?"

मी काहीच बोलले नाही. खरं सांगते, गोड वाटलं. कढई फेकताना हाताला जसं वाटलं होतं तसं. तिकडं नेब्रास्कात भर दुपारी गेलन केन माझ्या पेन्सिलीच्या टोकावर उभा होता.

"ट्वायला? ऐकू येतंय का? कोबस पुढं आहे, लाल मशीनवर. पुलावर चढतोय तो."

समोर व्हर्लिन उभा राहिला होता. फोनमधलं त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याला तिकोन माहीत नव्हता, पण माझं तोंड माहीत होतं.

"थांबव त्याला!" मी ओरडले. "तिकोन म्हणजे पूल कच्चा! रिकामा ट्रकसुद्धा नेत नाही आम्ही! मागं घे!"

तिकडं रेडिओवर गेलन ओरडला. मग नुसता वारा. मग कुणीतरी कोबसच्या भाषेत, आफ्रिकान्समध्ये, लांबलचक काहीतरी बोललं, ती बहुतेक प्रार्थना नव्हती.

"घेतलं मागं," गेलन म्हणाला. त्याला धाप लागली होती. "पुढचं चाक फळ्यांवर होतं." आणि लगेच, "बरं. आता हा गोल, आत फुली?"

बघा हा माणूस. आभार राहू देत, थुंकीसुद्धा गिळली नाही.

"तिकोन दिला कारण मशीनवर माणूस होता," मी म्हणाले. "लाल मशीन आल्याशिवाय गोल देणार नाही. कोंबडीचं पाऊलही देणार नाही. आता तुला कळलंच आहे की खुणेवर चाक घालायचं नसतं. जिथं खूण दिसेल तिथं थांब, उतर, बघ, विचार. पुढची दोन राज्यं खुणांनी भरलीत. हिमवर्षावापर्यंत पोचशील."

"ही अडवणूक आहे."

"हो."

"मी हे देवापुढं मांडणार आहे."

"मांड. आणि गोल-फुलीचं त्यालाच विचार."

त्यानं फोन ठेवला. व्हर्लिन माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल, भाऊ आहे माझा. तो म्हणाला, "कढई कुठं ठेवलीस? अंडी करतो."

*

गेलननं आठवडाभर फोन केला नाही. मग एका सकाळी, व्हर्लिन वायरीला असताना, त्याचा फोन आला.

"तुझं मशीन आणलंय," तो म्हणाला. मागं हमरस्त्याचा आवाज होता, म्हणजे तो केव्हाच निघून पुढं गेलेला. "एवढा बोजा कॅन्ससमध्ये न्यायला परवाना लागतो. तो मी काढलेला नाही. अल्विनाच्या उत्तरेकडच्या कापलेल्या रानात उतरवलंय. किल्ली आत आहे. व्हर्लिनला म्हणावं, ये घेऊन."

"गेलन—"

"मागितलंस ते दिलं. आता गोल सांग."

मी सांगितलं. गोल-फुली म्हणजे वायरी खाली. कोंबडीचं पाऊल म्हणजे ओल. सगळ्या खुणा सांगितल्या, एकेक. तो लिहून घेत होता, मध्ये म्हणाला, "हळू." उलटा कप काय विचारलं तेव्हा सांगितलं, तिथली मालकीण चांगलं जेवायला घालते. तेही त्यानं लिहून घेतलं.

वायर काढून आम्ही अल्विनाच्या शेतावर गेलो. खडीचा रस्ता, दगड, आणि रस्त्यापलीकडं पिवळ्या धसकटात लाल मशीन. इतकं जवळ की कोबसनं काच पुसून दिलेली दिसत होती. व्हर्लिन चरीच्या अलीकडं उभा राहिला. जोड्याचं टोक खडीला लागलं तसं त्यानं मागं ओढलं.

मग म्हणाला, "श्रोडरच्या पोराला अलीकडं आणायला सांगू. संध्याकाळी येईल."

"आणि काय सांगशील? भावानं पलीकडं ठेवलं?"

"तसंच झालंय ना."

"गावभर होईल. हसतील. मग ती पट्टी कापायला तुला बोलावतील?"

त्याचा घोट्याकडं हात गेला, पट्ट्याच्या कडेला खाजवलं. तिथली कातडी उन्हाळ्यात फुटून गेली होती. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. चार ढांगा. चढायचं, चालू करायचं, परत. कोण बघतंय.

"डबी बघतेय," मी म्हणाले आणि रस्त्यावर चढले.

"ट्वायला. तू नाही."

"का? दाणा सांडेल?"

"तसं नाही गं. क्लच—"

"अर्ध्यावर धरतो. हळू सोडायचा. कोबसला सांगत होतास तेव्हा मी बहिरी नव्हते."

रस्ता ओलांडून, पलीकडची चर उतरून मी धसकटात गेले. जोड्यांखाली काड कडकड मोडत होता. मशीनची शिडी तापली होती, तळहात भाजले. वर चढून बसले आणि त्या सीटच्या खळग्यात मी पुरी मावत नव्हते, डाव्या बाजूला घसरत होते. वास त्याचा. किल्ली फिरवली. मशीन खोकलं, बंद पडलं. परत फिरवली. अख्खं अंग हादरलं, दात वाजले, आणि ते चालू झालं.

अल्विनाची गाडी येऊन थांबली होती. ती बॉनेटला टेकली आणि बघत राहिली, एक अक्षर बोलली नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल.

क्लच सोडला तसं मशीन उडी मारून पुढं आलं. पुढचं कापायचं तोंड गेलननं काढलंच नव्हतं, ते रस्त्यापेक्षा रुंद. वर उचलायचा दांडा कोणता ते आठवेना. समोर व्हर्लिन, चरीच्या कडेला, दोन्ही हात वर करून ओरडतोय. इंजिनात काही ऐकू येत नव्हतं. तो हातांनी सांगत होता: उचल, उचल, डावीकडचा, डावीकडचा! मी उजवा ओढला. मशीननं मागून भुसा ओकला. डावा ओढला. तोंड हळूहळू वर आलं, दगडाच्या वरून गेलं. मशीन चरीत उतरलं तेव्हा मी स्टिअरिंगला लटकले, मग रस्त्यावर चढलं, चाकांखाली खडी चुरडली. व्हर्लिन मागं मागं सरकत होता, हात हलवत, ये, ये, सरळ, सरळ. रस्ता संपला तिथं तो उभा होता आणि मी त्याच्या शेजारून मशीन कॅन्ससमध्ये घातलं.

थांबवलं. चालूच ठेवलं. बंद केलं असतं तर पुन्हा चालू झालं असतं याची खात्री नव्हती.

तो शिडी चढून दाराशी आला. तोंड भुशानं माखलेलं. हात पुढं केला, मला उतरवायला.

"उतर आता," तो म्हणाला. "श्रोडरचं शेत लांब आहे, मी नेतो."

माझा उजवा पाय ब्रेकवरच होता. हातांना फोड आले होते. समोर काचेत कॅन्सस पडलं होतं, सपाट, इकडून तिकडं, पुढच्या वसंतापर्यंत. मी खांद्यावरच्या पिशवीतून नकाशा काढून काचेखाली पसरला. श्रोडरच्या वाटेवर दोन ठिकाणी गोल होते, आत फुली.

"तू शिडीवरच थांब," मी म्हणाले, "आणि वायरी बघ."